गिअरबॉक्सचा ताप

लांब चढणीवर बैल थकला म्हणजे तो थांबतो, धापा टाकतो, तोंडास फेंस आणतो, आणि गाडीवानास न सांगतां सर्व कळतें. मोटारीचें तसें नाहीं. ती थकत नाहीं, तापते. आणि तिचा सर्वांत घातक ताप मालकाच्या दृष्टीआड असतो. इंजिनांतील पाणी किती तापलें हें दाखविणारा कांटा डोळ्यांसमोर असतो. तो आपल्या जागीं स्थिर दिसतो, गाडीहि तक्रार न करतां ओझें ओढीत असते. आणि त्याच वेळीं इंजिनाच्या मागें, स्वयंचलित गिअरबॉक्सच्या पोटांत, तेल करपत असतें. हा ताप कोठून येतो, आणि तो उतरविण्यासाठीं बाजारांत मिळणारा स्वतंत्र ऑइल कूलर केव्हां घ्यावा, कोणता घ्यावा व कसा बसवावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेंतला. तेथें सुट्टी लागली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें मोटारीस ट्रेलर जोडून बाहेर पडतात. कोणाच्या ट्रेलरवर होडी असते, कोणाचा ट्रेलर म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यासकट चाकांवरचें घरच असतें. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसहि ही हौस अपरिचित नाहीं. तेथील बहुतेक गाड्या स्वयंचलित गिअरच्या असल्यामुळें ओझ्याचा सर्व भार या गिअरबॉक्सवर येतो. ॲरिझोना संस्थानांत कोलोरॅडो नदीकांठीं बुलहेड सिटी नांवाचें गांव आहे. तेथून गोल्डन व्हॅलीकडे जाणारा ६८ क्रमांकाचा रस्ता सुमारें ११.४ मैलांत ३,००० फूट चढतो. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बोरघाटांत जितका वर चढतो, त्याहून ही चढण बरीच अधिक. मोटार-इंजिनिअरांच्या तेथील संस्थेनें २००८ सालीं गाडीची ओढण्याची ताकद मोजण्याचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत हीच चढण कसोटी म्हणून धरली आहे. हवेचें उष्णतामान निदान १०० अंश फॅरनहाइट असावें, आंतील वातानुकूलन पूर्ण जोरानें चालू असावें, मागें पूर्ण वजनाचा ट्रेलर असावा, आणि तरीहि मागच्या दोन चाकांच्या साध्या पिकअप गाडीनें ताशीं ४० मैलांच्या खालीं येऊं नये, अशी ती अट. उन्हाळ्यांत सहलीस निघणाऱ्या गृहस्थास आपण अशीच परीक्षा देत आहों याची कल्पनाहि नसते.

आतां ताप कोठून येतो तें पाहूं. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसऱ्याचीं पातीं फिरूं लागतात. दोहोंमध्यें दांडा नाहीं, सांखळी नाहीं. वारा हाच दुवा. पंख्यांच्या जागीं पात्यांचीं दोन चाकें, वाऱ्याच्या जागीं तेल, आणि मध्यें तेलाचा प्रवाह योग्य दिशेस वळविणारें तिसरें चाक कल्पिलें, कीं टॉर्क कन्व्हर्टर तयार झाला. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनें १९०५ सालीं या तत्त्वाचें पेटंट घेतलें, तें मोटारींसाठीं नव्हे, जहाजांसाठीं. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला तेव्हां तेलाच्या दुव्याची ही युक्ति मोटारींत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. क्लच दाबण्याचा त्रास गेला, गाडी लोण्यावरून सरकावी तशी निघूं लागली; परंतु या सुखाची किंमत तेलास द्यावी लागते.

कारण दुसरें चाक पहिल्याच्या बरोबरीनें कधींच फिरत नाहीं. तें थोडें मागें राहतें. जितकें तें मागें राहिलें तितकी शक्ति तेल घुसळण्यांत खर्च होते, आणि घुसळलेल्या तेलांत ती उष्णतेच्या रूपानें उतरते. सपाट रस्त्यावर, हलक्या ओझ्यानें, ही गोष्ट किरकोळ आहे. शिवाय बऱ्याच वर्षांपासून गाड्यांत दोन्ही चाकें एकमेकांस घट्ट धरून ठेवणारा लॉक-अप क्लच असतो. पॅकार्ड कंपनीनें तो १९४९ सालीं प्रथम घातला. तो लागला कीं घसर संपते आणि ताप थांबतो. पण चढणीवर, ट्रेलर मागें असतांना, हा क्लच वरचेवर सुटतो. समजा इंजिन १०० किलोवॅट शक्ति देत आहे आणि तिचा केवळ दहावा हिस्सा घसरींत गेला. तरी १० किलोवॅट उष्णता झाली. न्हाणीघरांत पाणी तापविण्यासाठीं बादलींत जो विजेचा रॉड सोडतात, तसे एकेक किलोवॅटचे दहा रॉड सात-आठ लिटर तेलांत एकदम सोडावे, असा हा प्रकार आहे.

या तेलास एकच काम नसतें. तें शक्ति वाहून नेतें, दाब देऊन आंतल्या क्लच-चकत्या आवळतें, दांत्यांना वंगण देतें आणि स्वतः उष्णताहि बाहेर काढतें. सुमारें ८० ते ९० अंश सेल्सिअस या टप्प्यांत तें सुखानें राहतें. तेथून पुढें दर ११ अंशांस त्याचें आयुष्य निम्में होतें, असा या धंद्यांतील जुना ठोकताळा आहे. म्हणजे ८० अंशांस जें तेल १,००,००० मैल टिकेल, तें १०२ अंशांस २५,००० आणि ११३ अंशांस जेमतेम १२,००० मैल टिकणार. हे आंकडे जुन्या खनिज तेलांवरून बांधलेले आहेत. आजचीं कृत्रिम तेलें अधिक सोसतात, आणि कित्येक नव्या गाड्या मुद्दाम थोड्या अधिक उष्णतेवर चालविल्या जातात. म्हणून ठोकताळा शब्दशः घेऊं नये. परंतु उतरण ही अशीच आहे. तेल बिघडलें कीं त्याचा तांबडा रंग तपकिरी होतो, करपल्याचा वास येतो, आंत लाखेसारखा थर चढतो, रबराच्या सीलांचा लवचिकपणा जातो आणि मग चकत्या घसरूं लागतात. चकत्या घसरल्या कीं आणखी ताप. कूलरची किंमत अमेरिकेंत साधारण शंभर-दोनशे डॉलर. गिअरबॉक्स दुरुस्त करावयाचा तर कित्येक हजार.

अर्थात् कारखानदारांनीं या तेलाची कांहींच सोय केलेली नसते असें नव्हे. पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या एका बाजूच्या टांकींत एक लहानसा कूलर बुडविलेला असतो. गिअरबॉक्सचें तेल त्यांतून फिरून परत जातें. या लहान कूलरास कित्येक लोक तुच्छ मानतात, तें बरोबर नाहीं. पाणी हवेपेक्षां फार जलद उष्णता ओढून घेतें, म्हणून वीतभर नळी पाण्यांत जें काम करते त्यासाठीं हवेंत केवढी तरी मोठी जाळी लागते. शिवाय थंडीच्या सकाळीं हाच कूलर उलट काम करतो. इंजिनचें पाणी लवकर तापतें आणि तें गारठलेल्या तेलास ऊब देतें. त्याची मर्यादा एवढीच कीं तो तेलास पाण्याहून थंड करूं शकत नाहीं, आणि चढणीवर पाणीच ९० अंशांच्या पुढें गेलेलें असतें.

दुसरा एक धोका आहे, आणि तो क्वचित् घडणारा असला तरी घडला म्हणजे सर्वनाश करणारा आहे. २००५ ते २०१० या सालांच्या निसान कंपनीच्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्यांतील कित्येकींच्या रेडिएटरमध्यें हा आंतला कूलर तडकला. पाणी आणि तेल यांच्यामधील भिंत गेली. तांबडें तेल व कूलंट मिसळून गुलाबाचें सरबत घातलेल्या दुधासारखा रंग आला, आणि मालकांनीं त्यास स्ट्रॉबेरीच्या दुधाचें नांव दिलें. हें दूध क्लच-चकत्यांच्या कागदी अस्तरांत शिरतें व त्यांचा डिंक सोडवितें. मग रेडिएटर बदलून भागत नाहीं, गिअरबॉक्सहि जातो. कंपनीनें पुढें रेडिएटरची हमी ८ वर्षें किंवा ८०,००० मैल इतकी वाढविली, आणि न्यायालयांतील दाव्याच्या तडजोडीनंतर, मालकानें कांहीं वांटा सोसण्याच्या अटीवर, ती १० वर्षें किंवा १,००,००० मैलांपर्यंत गेली. अनेक मालकांनीं मात्र वाट न पाहतां रेडिएटरांतील कूलर सोडून दिला आणि तेल केवळ बाहेरच्या स्वतंत्र कूलरमधून फिरविलें. त्या गाड्यांपुरता हा निर्णय शहाणपणाचा होता. परंतु त्यावरून प्रत्येक गाडीचा आंतला कूलर तोडून टाकावा असा जो सिद्धान्त कांहींनीं काढला, तो मात्र घाईचा आहे. जेथें आंतला कूलर निर्दोष आहे आणि हिंवाळा कडक आहे, तेथें तो ठेवून बाहेरचा त्याच्या जोडीस बसविणें हेंच इष्ट.

बाजारांत बाहेरचे कूलर तीन प्रकारचे मिळतात. पहिला सर्वांत स्वस्त: एकच लांब नळी नागमोडी वळवून तिच्यावर पातळ पत्र्याचीं पातीं बसविलेलीं. दुसऱ्यांत नळीऐवजीं चपट्या पोकळ पट्ट्या असतात. तिसरा एकावर एक रचलेल्या पोकळ ताटल्यांचा. यांत तेल एका वाटेनें न जातां अनेक समांतर वाटांनीं जातें. तितक्याच जागेंत तिसरा सर्वांत अधिक उष्णता काढतो आणि तेलास अडथळाहि कमी करतो. जागा पुष्कळ आणि ओझें हलकें असेल तर पहिला चालेल. ट्रेलर नेहमीं ओढावयाचा तर थोडे अधिक पैसे टाकून तिसरा घ्यावा.

खोक्यावर किती पौंडांच्या गाडीस तो पुरेल तें छापलेलें असतें. हें वजन केवळ मोटारीचें धरावयाचें नसून मोटार, ट्रेलर, सामान व माणसें मिळून धरावें. रेडिएटरांतील कूलर वगळणार असाल तर त्याहून मोठा आकार लागतो. कांहीं गृहस्थ मात्र मोठा तो चांगला, असें समजून मिळेल तो सर्वांत मोठा कूलर आणतात. गरम प्रदेशांत यानें फारसें बिघडत नाहीं. मिनेसोटासारख्या ठिकाणीं, जेथें हिंवाळ्यांत उष्णतामान शून्याच्या कितीतरी खालीं जातें, तेथें तेल कधीं पुरतें तापतच नाहीं. थंड तेल घट्ट असतें. गिअर अडखळत बदलतात, लॉक-अप क्लच लागण्यास उशीर होतो, आणि तेलांत जमलेली ओलहि उडून जात नाहीं. उपाय सोपा आहे. तेल सुमारें ८० अंशांस पोंचेपर्यंत त्यास कूलरकडे न पाठवितां परस्पर परत वळविणारी थर्मोस्टॅटची झडप मिळते. ती मार्गांत बसविली म्हणजे मोठ्या कूलरचें भय उरत नाहीं.

बसविण्याच्या कामांत पहिला प्रश्न, कूलर कोठें ठेवावा? बाहेरची ताजी हवा सरळ अंगावर येईल अशा जागीं, म्हणजे समोरच्या जाळीच्या मागें व वातानुकूलनाच्या कंडेन्सरच्या पुढें. रेडिएटरच्या मागें ठेवला तर त्यास आधींच तापलेली हवा मिळते. कित्येक कूलरांबरोबर प्लॅस्टिकच्या दांड्या येतात. त्या रेडिएटरच्या पात्यांतून आरपार घालून कूलर त्याच्यावरच टांगावयाचा असतो. काम दहा मिनिटांत होतें खरें, पण गाडीच्या हादऱ्यानें या दांड्या वर्षानुवर्षें पातीं आणि नळ्या घांसत राहतात. एक यंत्र वांचविण्यासाठीं दुसरें झिजविण्यांत अर्थ नाहीं. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून कूलर गाडीच्या सांगाड्यास धरावा, आणि त्याच्या व कंडेन्सरच्या मध्यें बोटभर फट ठेवावी. कूलरचीं तोंडें वर किंवा बाजूस असावींत. बाजूस असतील तर तेल खालच्या तोंडानें आंत येऊन वरच्यानें बाहेर पडावें, म्हणजे आंतील हवा आपोआप निघून जाते.

दुसरा प्रश्न क्रमाचा. तेल गिअरबॉक्समधून निघून प्रथम रेडिएटरांतील कूलरमध्यें जावें, तेथून बाहेरच्या कूलरमध्यें, आणि मग परत. क्रम उलटा केला तर हवेनें थंड केलेलें तेल पुन्हां गरम पाण्यांतून जाऊन तापून येतें. म्हणून बाहेरचा कूलर परतीच्या नळींत बसवावयाचा. पण दोन नळ्यांपैकीं परतीची कोणती, हें अंदाजानें ठरवूं नये. त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेंत तें दिलेलें असतें. पुस्तिका नसेल तर थोडें चालविलेल्या गाडीच्या दोन्ही नळ्यांचें उष्णतामान मोजावें. अधिक गरम ती रेडिएटरकडे जाणारी, कमी गरम ती परतीची.

नळी कापतांना करवत वापरूं नये. तिचा कीस आंत पडतो. नळी कापण्याचें फिरतें कटर वापरावें, कडा साफ करावी, आणि तोंडाजवळ किंचित् उंचवटा उठवावा, म्हणजे रबरी होज दाबाखालीं निसटणार नाहीं. होज गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीं म्हणून मुद्दाम बनविलेलाच घ्यावा. पेट्रोलचा किंवा पाण्याचा होज दिसावयास तसाच असतो, स्वस्तहि असतो. परंतु या तेलानें व उष्णतेनें तो कडक होऊन तडकतो, आणि मग अर्ध्या वाटेंत सारें तेल रस्त्यावर. होज नळीवर निदान इंचभर चढवावा, क्लॅम्प उंचवट्याच्या मागें आवळावा, आणि सायलेन्सरचा पाइप, पंखा व धारदार कडा यांपासून होज दूर बांधून ठेवावा. त्यास कोठेंहि पीळ किंवा घडी पडूं देऊं नये. हें बारीकसारीक वाटेल. परंतु बहुतेक गिअरबॉक्समध्यें कूलरहून परत आलेलें तेलच पुढें दांत्यांच्या व बेअरिंगच्या वंगणास जातें. होज मुडपला म्हणजे केवळ थंडावा जात नाहीं, आंतील भाग कोरडे पडतात. आणि हें सर्व काम गाडीखालीं करावें लागत असेल तर गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवंशावर तिच्याखालीं जाऊं नये.

जुना गिअरबॉक्स एकदां बिघडून दुरुस्त केलेला असेल, तर जुन्या कूलरमध्यें आणि नळ्यांत चकत्यांचा चुरा व धातूचा कीस अडकलेला असतो. तो धुऊन काढल्याखेरीज, किंवा कूलर नवा घातल्याखेरीज, गाडी सुरू करणें म्हणजे नव्या गिअरबॉक्सला जुन्याचा रोग लावणें होय. मिस्त्री घाईंत असला कीं नेमकी ही पायरी गाळतो.

काम झाल्यावर कंपनीनें सांगितलेल्याच जातीचें तेल घालावें. नवा कूलर आणि होज यांत मावेल तेवढें तें अधिक लागतें. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन चालू व तेल गरम असतांना, पातळी पाहतात. कित्येक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेल ठराविक उष्णतामानावर असतांना खालचा स्क्रू उघडून तें थेंबथेंब वाहतें कीं नाहीं यावरून पातळी ठरवावी लागते. तें काम जाणत्याकडे द्यावें. गाडी हमींत असेल तर काम हातीं घेण्यापूर्वीं विक्रेत्यास लेखी विचारावें. अमेरिकेंत १९७५ सालच्या कायद्यानें, केवळ बाहेरचा भाग बसविला एवढ्याच कारणावरून सबंध हमी नाकारतां येत नाहीं. तथापि त्या भागामुळेंच नुकसान झालें असेल तर तें मालकाच्या माथीं येतें.

येथें मुंबई-पुण्याच्या मालकाविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. आपल्याकडे ज्या लहान गाड्या स्वयंचलित म्हणून विकल्या जातात, त्यांतील पुष्कळांत टॉर्क कन्व्हर्टर मुळींच नसतो. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचें काम पायाऐवजीं यंत्र करतें एवढेंच. घाटांत अशा गाडीचा क्लच करपल्याचा वास आला तर ऑइल कूलर घेऊन कांहींहि साधणार नाहीं. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गाडींत तेलाचें उष्णतामान कंपनीनें बारकाईनें ठरविलेलें असतें; तेथें तिच्या संमतीवांचून हात घालूं नये. टॉर्क कन्व्हर्टरच्या मोठ्या डिझेल गाड्यांचा प्रश्न निराळा, पण त्यांनाहि ट्रेलर नसेल तर कंपनीचा कूलर सहसा पुरतो.

आणि कूलर असो वा नसो, एक उपाय बिनखर्ची आहे. लांब चढणीवर गाडी वरच्या गिअरमध्यें ठेवूं नये. ती वरखालीं गिअर बदलीत राहते आणि लॉक-अप क्लच सुटत राहतो. खालचा गिअर धरून ठेवावा, किंवा ओझें ओढण्यासाठीं गाडींत निराळें बटण असेल तर तें दाबावें. इंजिन ओरडेल, पेट्रोल थोडें अधिक जाईल. पण तेल थंड राहील. तेलाचें उष्णतामान दाखविणारा कांटाहि वेगळा बसवितां येतो. तो कोठें मोजतो हें मात्र विसरूं नये, कारण कन्व्हर्टरमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तेलाचा आंकडा तळच्या पात्रांतील तेलापेक्षां केव्हांहि अधिक असतो. तो पाहून घाबरलेले लोक थोडे नाहींत.

काम झाल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटें चालू ठेवून प्रत्येक सांधा हाताच्या बत्तीनें पाहावा. पहिल्या फेरीनंतर क्लॅम्प पुन्हां एकदां आवळावे आणि तेलाची पातळी पुन्हां पाहावी. त्या रात्रीं गाडीच्या पुढच्या भागाखालीं पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर तांबडा डाग दिसला, तर ट्रेलर जोडण्यापूर्वीं सांधा शोधावा.